साखर उतरण्याआधी

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारी ते मार्च या दिवसांत वाइनरीतल्या माणसांच्या तोंडी एकच आकडा असतो, तो ब्रिक्सचा. शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, विरघळलेली आहे ते हा आकडा सांगतो. द्राक्षं तोडायची की थांबायचं, हे त्यावर ठरतं. रस टाकीत गेला की सकाळ-संध्याकाळ हायड्रोमीटर सोडून पुन्हा तोच पाहिला जातो. काल २१ होता, आज १९ झाला, म्हणजे यीस्ट कामाला लागलं. सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा एवढं पुरतंही. पण दिंडोरीकडच्या एका छोट्या वाइनरीत प्रयोगशाळा सांभाळणारी ती, नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावते: ब्रिक्स उतरताना दिसायला लागतो तोवर यीस्टच्या वाढीचा मोठा भाग उरकलेला असतो, आणि एक तृतीयांश साखर संपेपर्यंत वाढ जवळजवळ थांबलेली असते. यीस्टसाठी जे काही करायचं, ते त्याआधी.

तिची प्रयोगशाळा म्हणजे सेलरला लागून असलेली एक खोली. ओट्यावर सूक्ष्मदर्शक, पीएच मीटर, ब्युरेट, एक फ्रीज, आणि खिडकीपासून दूर, गार पाण्याच्या टबांत उभे केलेले २० लिटरचे काचेचे कार्बॉय. प्रत्येकात पंधराएक लिटर रस, वरची जागा फेसासाठी मोकळी. तोंडाला बूच आणि बुचात एअरलॉक. पाच-दहा हजार लिटरच्या टाकीत नवं यीस्ट किंवा पोषकांचं नवं प्रमाण थेट आजमावायला कुणी धजत नाही. ते आधी इथे होतं. नव्या बागेतून आलेल्या शेनिन ब्लां किंवा सोविन्यों ब्लांचा पहिला रसही आधी इथेच येतो.

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी झाल्यावर ती मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन तंत्रज्ञान शिकायला गेली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, त्यानंतर नाशिक आणि सांगलीच्या बाजूला ज्या छोट्या-मोठ्या वाइनरी उभ्या राहिल्या, त्यांना अशी शिकलेली माणसं हवी होती. घरात सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. मुलगी दारूच्या कारखान्यात जाते म्हटल्यावर कुठल्याही घरात होईल तेवढीच. वडील एकदा येऊन सूक्ष्मदर्शकातून पाहून गेले. मग तो विषय मागे पडला.

आधी थोडा हिशेब. बाजारात मिळणाऱ्या सुक्या वाइन यीस्टच्या एका ग्रॅममध्ये साधारण २,००० कोटी पेशी असतात. शंभर लिटर रसाला २५ ग्रॅम या नेहमीच्या प्रमाणानं ते टाकलं, तर मिलिलिटरमागे सुमारे ५० लाख पेशी पडतात. किण्वन ऐन रंगात येतं तेव्हा हाच आकडा १० ते १५ कोटींपर्यंत चढतो. वीस-तीस पट. ऐकायला प्रचंड वाटतं, पण एकाचे दोन, दोनाचे चार असं मोजत गेलं तर पेशींनी जेमतेम चार-पाच वेळा दुप्पट होणं, एवढाच त्याचा अर्थ. प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमात ३० अंशांना यीस्ट दीडेक तासात दुप्पट होतं. १५ अंशांच्या गार, आंबट, साखरेनं दाटलेल्या रसात त्याच कामाला कितीतरी तास लागतात, म्हणून पांढऱ्या वाइनच्या रसात वाढीचे हे टप्पे दोन-तीन दिवसांत पसरतात. त्यानंतरचे कितीतरी दिवस त्याच पेशी, स्वतः फारशा न वाढता, उरलेली दोन तृतीयांश साखर पचवत राहतात.

वाढ आणि किण्वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात वाचलेलं असतंच. ते अंगवळणी पडतं मोजायला बसल्यावर.

मोजणीची तिची पद्धत ठरलेली आहे. कार्बॉय हलकेच गोल फिरवून तळाशी बसलेलं यीस्ट रसात मिसळून घ्यायचं. तसं न करता वरून पिपेट बुडवली तर निम्म्या पेशी वहीत येतच नाहीत. नमुना बीकरमध्ये ढवळून त्यातला वायू काढून टाकायचा, नाहीतर चेंबरमध्ये बुडबुडे शिरतात. मग एक भाग नमुना, नऊ भाग पाणी आणि मेथिलिन ब्लू. पेशी मोजायचं काचेचं चेंबर मुळात रक्तपेशींसाठी बनलं, त्यामुळे त्याचं नाव हिमोसायटोमीटर. त्याच्या दोन कडांवर कव्हरस्लिप दाबून बसवायची. नीट बसली की काचेच्या सांध्यावर बारीक रंगीत वलयं उमटतात. ती दिसली नाहीत तर काच पुसून पुन्हा बसवायची, कारण कव्हरस्लिप आणि चेंबर यांच्यातलं अंतर बरोब्बर ०.१ मिलिमीटर असेल तरच पुढचा गुणाकार खरा. कडेला थेंब टेकवला की द्रव आपोआप आत ओढला जातो. तो बाजूच्या खाचेत सांडला तर सगळं धुऊन पहिल्यापासून. आणि मग दोन-तीन मिनिटं काहीही न करता थांबायचं. पेशी खाली बसायला तेवढा वेळ लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली एक चौरस मिलिमीटरचा चौकोन २५ भागांत विभागलेला दिसतो आणि त्या प्रत्येकात १६ बारीक घरं. पंचविसांपैकी पाच चौकोन मोजायचे, चार कोपऱ्यांतले आणि एक मधला. वरच्या आणि डाव्या रेषेवर बसलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची, म्हणजे कुठलीही दोनदा मोजली जात नाही. पेशीला फुटलेला कोंब आईच्या निम्म्याहून लहान असेल तर दोघांची मिळून एक. त्याहून मोठा असेल तर दोन. दहापट पातळ केलेल्या नमुन्यात पाच चौकोन मिळून २०० पेशी भरल्या तर २०० गुणिले ५ गुणिले १०,००० गुणिले १०, म्हणजे मिलिलिटरमागे १० कोटी. तिच्या दोन्ही हातांत एकेक टॅली काउंटर असतो. उजव्या हाताला रंगहीन पेशी, डाव्या हाताला निळ्या.

निळ्या म्हणजे मेलेल्या. जिवंत पेशी आत शिरलेल्या मेथिलिन ब्लूचा रंग घालवून टाकते, मेलेलीला ते जमत नाही. मात्र रंग घातल्यावर पाचेक मिनिटांत मोजणी व्हायला हवी. नमुना तसाच पडून राहिला तर आकडा भरवशाचा राहत नाही. जिवंत पेशींचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या बरंच खाली गेलं की ही पद्धत मुळातच थोडी उदार होते, मरणाच्या वाटेवरच्या पेशींनाही जिवंत धरते. अशा वेळी ती नमुना पोषक अगारवर पसरून किती वसाहती उगवतात तेही पाहते. त्याचं उत्तर दोन दिवसांनी येतं, म्हणून ते निर्णयासाठी कामाचं नसतं, पडताळणीसाठी असतं.

दोनशेच पेशी का मोजायच्या, पन्नास मोजून का भागत नाही? हा प्रश्न प्रशिक्षणाला आलेली मुलं हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर द्यायला तिला मनापासून आवडतं, कारण त्यामागे एक फार सुंदर काम आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम सीली गॉसेट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ होता. यीस्ट मोजणं हा तिथला रोजचा व्यवहार. एकाच नमुन्याची मोजणी दर खेपेला थोडी वेगळी येते, मग ती कितपत खरी मानायची? गॉसेटनं चेंबरची ४०० घरं मोजली आणि यीस्टच्या पेशी त्या घरांत कशा विखुरतात, त्याचं गणित मांडलं. १९०७ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ते छापून आलं. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावानं लिहू देत नसे, म्हणून लेखकाचं नाव होतं ‘स्टुडंट’. पुढच्याच वर्षी त्याच नावानं आलेल्या निबंधामुळे संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ‘स्टुडंटची टी-चाचणी’ आली. यीस्टच्या मोजणीतून निघालेला व्यवहारी नियम सोपा आहे: जितक्या पेशी मोजल्या, त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी चूक धरून चालायचं. शंभर मोजल्या तर दहा इकडे-तिकडे, म्हणजे दहा टक्के. चारशे मोजल्या तर वीस, म्हणजे पाच टक्के. पन्नास मोजून ‘कालच्यापेक्षा दहा टक्के वाढलं’ म्हणण्याला अर्थच नाही. वाइनरीच्या त्या खोलीत, तळहाताएवढ्या काचेवर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं हे गणित रोज जसंच्या तसं वापरलं जातं, याचा तिला अभिमान वाटतो.

आकड्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती पाहते ते कोंब. रसात यीस्ट टाकल्यावर पहिले काही तास पेशी नुसत्या गोल, स्वस्थ दिसतात. मग एकेकीच्या कडेला बारीक फुगवटा येतो. वाढ जोरात असली की निम्म्याहून अधिक पेशींना कोंब असतात, कुठे कुठे कोंबालाही कोंब. आणि एक दिवस चेंबरमध्ये पेशींची गर्दी तर उसळलेली, पण कोंब मात्र शोधावे लागतात. वाढ संपल्याची याहून स्पष्ट खूण नाही. त्या दिवशी हायड्रोमीटरवर अजून पंधरा-सोळा ब्रिक्स बाकी असतात, सेलरमधल्यांच्या लेखी किण्वन नुकतं कुठे चांगलं सुरू झालेलं असतं.

हा क्षण गाठायचा कशासाठी? ऑक्सिजन आणि नायट्रोजन, या दोन गोष्टींसाठी.

यीस्टच्या पेशीभोवतीचं पातळ पटल धड राहायला अर्गोस्टेरॉल नावाचा मेदासारखा पदार्थ आणि काही असंतृप्त मेदाम्लं लागतात. ती घडवायला ऑक्सिजन हवाच. त्याशिवाय यीस्टला ती स्वतः बनवता येत नाहीत, हे १९५०च्या दशकात सिद्ध झालं. कारखान्यात भरपूर हवेवर वाढवलेलं सुकं यीस्ट ही शिदोरी घेऊनच येतं. पण प्रत्येक विभाजनात ती आई आणि लेकीत निम्मी-निम्मी वाटली जाते. चार-पाच वेळा वाटून झाल्यावर शेवटच्या पिढीच्या वाट्याला फार थोडी उरते. साखर भरपूर असते तोवर त्याचा त्रास दिसत नाही. पुढे अल्कोहोल दहा-बारा टक्क्यांवर जातं तेव्हा ते याच पटलावर घाला घालतं. कच्च्या पटलाच्या पेशी आधी मंदावतात, मग मरतात, आणि वाइन तीन-चार ब्रिक्सवर अडकून बसते.

तिनं हे दोन शेजारच्या कार्बॉयमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे. एकाच टाकीतला रस, एकाच पाकिटातलं यीस्ट, पाण्याचा टबही एकच. फरक एवढाच की एकात वाढ चालू असताना, साखर पाव-एक भाग उतरल्यावर, मत्स्यालयाचा छोटा पंप जंतुविरहित गाळणीतून लावून थोडी हवा सोडली. दुसऱ्याला काही केलं नाही. हायड्रोमीटर दोन्हीकडे सुरुवातीचे दिवस सारखाच चालला. सेलरमधल्या मामांनी दोन्ही चाखून पाहिले आणि फरक नाही म्हणाले. त्या दिवसाचं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. चेंबर मात्र वेगळं सांगत होतं. हवा मिळालेल्या कार्बॉयमध्ये पेशी जास्त होत्या आणि पुढेही निळ्या पेशी अगदी थोड्या राहिल्या. दुसऱ्यात शेवटाकडे निळ्यांची संख्या रोज चढत गेली आणि मग ब्रिक्सची घसरण रेंगाळली. हायड्रोमीटरला ते कळेपर्यंत आठवडा उलटून गेला होता, आणि त्या टप्प्यावर हवा देऊन वाइन खराब होण्यापलीकडे काही साधत नाही.

हवा दिली तर यीस्ट अल्कोहोल बनवायचं सोडून नुसतं वाढत बसेल, ही भीती पुष्कळांना असते. सॅकरोमायसिसच्या, म्हणजे वाइनच्या यीस्टच्या, बाबतीत ती नको. साखर एवढी मुबलक असताना हे यीस्ट ऑक्सिजन मिळाला तरी अल्कोहोलच करतं. दिलेली हवा पटलाच्या बांधणीत खर्च होते, आणि लागतेही थोडीच: लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम ऑक्सिजन.

नायट्रोजनचं गणित याहून किचकट आहे. यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन रसात लिटरमागे किमान दीडशे मिलिग्रॅम तरी असावा लागतो, साखर जास्त असेल तर दोनशेच्या वर. तो मोजायला फॉर्मॉल टायट्रेशन करतात. रसाचा पीएच ८.२ वर आणायचा, त्यात त्याच पीएचचं फॉर्मलिन घालायचं, आणि पीएच पुन्हा ८.२ वर यायला किती सोडिअम हायड्रॉक्साइड लागलं ते पाहायचं. फॉर्मलिनच्या वासानं डोळे चुरचुरतात, म्हणून हे काम ती एक्झॉस्ट चालू ठेवून आणि खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर पाठवून करते. नायट्रोजन कमी भरला तर डायअमोनियम फॉस्फेट, सेलरच्या भाषेत डीएपी. लिटरमागे १०० मिलिग्रॅम डीएपीतून २१ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. मुद्दा असतो तो कधी द्यायचा. सगळं पहिल्याच दिवशी ओतलं तर यीस्ट भसाभस वाढतं आणि टाकी तापते. उशीर केला, साखर निम्म्याच्या खाली गेल्यावर दिलं, तर अल्कोहोलमुळे पेशींना ते आत घेताच येत नाही आणि ते नुसतं वाइनमध्ये पडून राहतं, इतर जंतूंच्या सोयीसाठी. तिचा पहिला हप्ता कोंब दिसायला लागले की, आणि दुसरा एक तृतीयांश साखर उतरायच्या सुमारास. वेळापत्रकावर तारीख लिहिलेली नसते. चेंबर काय दाखवतं त्यावर ठरतं. यात उपासमार झाली की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडायला लागतं आणि कार्बॉयच्या तोंडाशी सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला म्हणजे दोन दिवस आधीच्या मोजणीकडे कुणीतरी काणाडोळा केला आहे, असं ती धरून चालते.

एका हंगामात यीस्टची पाकिटं आली ती वाटेत कुठल्याशा गोदामात उन्हाच्या तडाख्यात राहिलेली असावीत. बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. पाकीट घट्ट, तारीख पुढची, दाणे कोरडे. यीस्ट रसात टाकण्याआधी दहापट पाण्यात, ३५ ते ४० अंशांना, पंधरा-वीस मिनिटं भिजवावं लागतं. विरजण लावताना दूध कोमट आहे ना हे पाहावं तसंच इथेही, फक्त बोटाऐवजी थर्मामीटर. मग त्यात थोडा थोडा रस घालून तापमान उतरवत न्यायचं. भिजलेलं यीस्ट आणि रस यांच्यात दहा अंशांहून जास्त फरक असला तर कितीतरी पेशी त्या धक्क्यानंच मरतात. तिचा शिरस्ता असा की भिजवलेल्या प्रत्येक लॉटचा एक थेंब टाकीत जाण्याआधी चेंबरमध्ये जातो. त्या दिवशी चेंबर निळं निळं दिसलं. निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. वर टाकी भरून तयार, पंपाला पाइप लावलेला.

ते यीस्ट टाकीत गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिला आधीच्या एका रसामुळे ठाऊक होतं. जिवंत पेशी कमी पडल्या की द्राक्षाच्या सालीवरून आलेलं रानटी यीस्ट रस ताब्यात घेतं. त्यातलं हान्सेनियास्पोरा चेंबरमध्ये लगेच ओळखू येतं. त्याच्या पेशी लहान असतात, आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, लिंबाच्या आकाराच्या. थोड्या असल्या तर बिघडत नाही, चार-पाच टक्के अल्कोहोल झालं की त्या बहुधा आपसूक मागे पडतात. पण त्यांचंच राज्य झालं तर इथिल ॲसिटेट वाढतं आणि वाइनला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. तो वास पुढे कशानंही जात नाही. ब्रिक्स मात्र या काळातही उतरत असतो. लिंबाच्या आकाराचं यीस्टसुद्धा साखर खातंच की! हायड्रोमीटरला कोण खातंय याच्याशी देणंघेणं नसतं. त्या दिवशी टाकी आणखी थंड करून एक रात्र थोपवली गेली, दुसऱ्या लॉटची पाकिटं मागवली, त्यांचा थेंब पाहिला आणि मगच ती आत गेली. पुरवठादारानं पाकिटं बदलून दिली. तेव्हापासून थेंब पाहिल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, हे मालकांनीच फळ्यावर लिहून टाकलं.

शुद्ध यीस्टचा हा सगळा आग्रह जिथून सुरू झाला, तिथेही मोजणीच होती. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीची बिअर बिघडत होती, आणि दोष येतो कुठून, हे शोधायला एमिल ख्रिश्चन हान्सेन बसला होता. त्यानं यीस्ट पातळ करत करत, चेंबरमध्ये मोजून, इतकं विरळ केलं की एकेका फ्लास्कमध्ये जास्तीत जास्त एखादीच पेशी पडावी. ज्या फ्लास्कमध्ये यीस्टचा एकच ठिपका वाढला, ती एका पेशीची संतती. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गमध्ये असं शुद्ध यीस्ट वापरात आलं, बिअर सुधारली, आणि ब्रुअरीचे मालक जेकबसेन यांनी ते यीस्ट इतर ब्रुअरींनाही देऊ केलं. आज पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; तिथून ठरावीक क्रमांकाचं यीस्ट मागवता येतं, ते याच वाटेनं.

मामा हे सगळं ऐकून घेतात, पण टाकीला कान लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. गेली कित्येक वर्षं ते सेलरमध्ये आहेत आणि आवाजावरून त्यांना पुष्कळ कळतं. यीस्ट टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कार्बॉयपाशी येऊन म्हणतात, “ताई, हे गप्पच आहे अजून. बुडबुडा नाही एक.” ती म्हणते, “वाढतंय मामा, उद्या बोलेल.” एअरलॉकच्या बुडबुड्यांवर तिचा भरवसा नाही. सुरुवातीला तयार होणारा कार्बन डायऑक्साइड रसातच विरघळत राहतो. लिटरमागे दीडेक ग्रॅम विरघळल्याशिवाय बाहेर यायला लागत नाही. बूच जरा सैल असलं तर वायू भलतीकडून जातो, आणि दुपारी खोली तापली की किण्वन संपलेल्या कार्बॉयमधूनही बुडबुडे येतात.

तिला बुडबुड्यांपेक्षा वजनकाटा विश्वासाचा वाटतो. किराणा दुकानात असतो तसला ३० किलोचा, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा. कार्बॉय रोज ठरल्या वेळी त्यावर चढतो. साखरेचं अल्कोहोल होताना जवळजवळ निम्मं वजन वायू होऊन उडून जातं: लिटरमागे २२० ग्रॅम साखर असलेल्या १५ लिटर रसात ३.३ किलो साखर, आणि ती संपेपर्यंत साधारण दीड किलो वजन घटलेलं असतं. दहा ग्रॅमची घट म्हणजे लिटरमागे दीडेक ग्रॅम साखर खर्च झाली. हायड्रोमीटरवर एवढा फरक डोळ्याला दिसतही नाही. शिवाय दर वेळी नमुना काढावा लागत नाही. पंधरा लिटर रसाच्या कार्बॉयमधून रोज दोनदा शंभर-शंभर मिलिलिटर काढत गेलं तर शेवटी वाइन उरते किती? एकाच कागदावर वजनाची रेघ आणि पेशींची रेघ काढली की दोन्ही एकमेकींना सोडून चालताना दिसतात. पेशींची रेघ आधी झपकन चढते आणि सपाट होते, वजनाची त्यानंतर खरी उतरायला लागते. हा कागद तिनं प्रयोगशाळेच्या दारावर लावला आहे.

छोट्या बॅचचा एक मोठा दोष तिच्या कायम डोक्यात असतो, तो उष्णतेचा. एक ब्रिक्स साखर आंबताना निघणारी उष्णता बाहेर गेली नाही, तर रस सुमारे १.३ अंशांनी तापतो. कार्बॉयला आकाराच्या मानानं अंग मोठं, त्यामुळे तो ती उष्णता पाण्याला देऊन मोकळा होतो. दहा हजार लिटरच्या टाकीला ते जमत नाही. तिथे चिलर बंद पडला, आणि फेब्रुवारीच्या दुपारी वीज गेली की तो पडतोच, तर काही तासांत तापमान चढायला लागतं. म्हणून कार्बॉयमध्ये उत्तम चाललेलं यीस्ट टाकीत तसंच चालेल असं ती कधीच लिहून देत नाही. दोन कार्बॉय मुद्दाम १५ अंशांना आणि दोन २२ अंशांना ठेवते. २२ अंशांचे लवकर वाढतात, लवकर संपवतात, आणि त्यांच्यात निळ्या पेशीही लवकर दिसायला लागतात. चिलर दगा देईल त्या दिवशी काय होणार याचा अंदाज तिथे मिळतो. टाकीखान्यात शिरताना वायुमापक बरोबर असायलाच हवा, हा नियमही तिनं त्याच फळ्यावर लिहिला आहे. एक लिटर रसातून पन्नासहून अधिक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो, आणि जमिनीलगत साठलेला दिसत नाही.

शेवटचे दिवस मोजणीच्या दृष्टीनं शांत असतात. हायड्रोमीटर शून्याच्याही खाली जातो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे तो साखर संपल्याची खात्री देऊ शकत नाही. वजन स्थिर झालं की ती लेन-आयनॉन पद्धतीनं उरलेली साखर तपासते. लिटरमागे दोन ग्रॅमच्या खाली असली की वाइन कोरडी झाली असं समजून तळाच्या गाळावरून काढून घ्यायची आणि केएमएस, म्हणजे पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट, द्यायचं.

हे सगळं पांढऱ्या वाइनचं झालं. शिराझ येतं तेव्हा गोष्ट अवघड होते. लाल वाइनमध्ये सालीसकट आंबवतात. साली वर तरंगून जाड थर होतो, पेशी त्या थरात एका प्रमाणात आणि खालच्या रसात वेगळ्याच प्रमाणात असतात, गराचे कण चेंबरमध्ये पेशींसारखे भासतात आणि रसाच्या जांभळ्या रंगात मेथिलिन ब्लूची निळाई बुडून जाते. नमुना फिरवून, पेशी खाली बसवून, रंगीत रस ओतून टाकून त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा मिसळल्या तरच मोजणी शक्य आहे. त्यासाठी टेबलावर मावेल असं एक छोटं सेंट्रिफ्यूज घ्यायचं ठरलं आहे, आणि शिराझची पहिली तोडणी व्हायच्या आत ते बसवून द्या, असं तिनं मालकांना सांगून ठेवलं आहे.